घासाघीस न करणारं गिऱ्हाईक

सासऱ्यांच्या सलूनमधली खुर्ची विकायचं काम सुनेनं आपणहून अंगावर घेतलं. सासरे नुकतेच गेले होते, दुकानाची जागा रिकामी करून द्यायची होती, आणि नवऱ्याचा भोळेपणा तिला पुरता ठाऊक होता. पैसे देतो देतो म्हणत कोणीही त्याचंच खातं साफ केलं असतं.

घरात एक जुनं दुखणं होतं. धाकटा दीर वस्तरा हातात धरणार नाही म्हणून बापाशी भांडून गेला, तो फिरकलाच नाही. सुनेनं त्याला फक्त फोटोत पाहिलेलं. बाप गेल्याचं कळवायला त्याचा नंबरही कोणाकडे नव्हता. दाराची कडी वाजली की सासूबाई आधी उठायच्या, गुडघे मागून यायचे.

सुनेनं खुर्चीचा फोटो ऑनलाइन टाकला. पहिल्याच माणसानं पैसे पाठवतो म्हणून कोड पाठवला आणि वर तिलाच पिन टाकायला सांगितलं. तिनं त्याला असा झाडला की तो पुन्हा दिसला नाही. तिचे आडाखे पक्के होते. घासाघीस न करणारा खोटा, फोन टाळणारा खोटा, आणि वस्तू न बघता पैसे द्यायला निघालेला तर सरळ चोर.

मग हा आला.

"दुकान बंद करताय का?" त्यानं विचारलं.

"मालक वारले," तिनं लिहिलं.

तो काहीतरी टाइप करतोय असं दिसायचं, थांबायचं, परत दिसायचं. तिची भाजी चिरून झाली.

"किंमत तुम्ही म्हणाल ती. फक्त दुसऱ्या कोणाला देऊ नका."

"आधी येऊन बघून जा."

"यायला जमायचं नाही. पैसे आत्ता पाठवतो."

तिनं फोन लावला. त्यानं कापला. "आत्ता बोलता येणार नाही," त्यानं लिहिलं, आणि थोड्या वेळानं, "तो रेडिओचा खोका मिळेल का सोबत?"

सुनेचं डोकंच फिरलं. "खोका कसला? मेलेल्या माणसाच्या वस्तूवरही डोळा? आईबापांना तोंड कसं दाखवता रे?" त्यानं ते वाचल्याची खूण उमटली, तसा तिनं नंबर ब्लॉक केला.

नवरा कामावरून यायचा होता. जेवताना तिनं सगळा किस्सा सासूबाईंना रंगवून सांगितला. खोक्यापाशी आल्यावर सासूबाईंचा हात ताटातच राहिला.

"काय मागितलं म्हणालीस?"

त्या उठल्या आणि खाटेखालून एक लाकडी खोका ओढून आणला. सुनेला वाटायचं, त्यात जुने कपडे असतील. पण तो रिकामा होता, आणि पुढच्या बाजूला रेडिओच्या बटणांची भोकं होती.

"धाकट्याची उंची पुरायची नाही ना, म्हणून हे त्याला यावर बसवून केस कापायचे," सासूबाई म्हणाल्या. "दुसऱ्या पोराला बसू द्यायचा नाही, रडून दुकान डोक्यावर घ्यायचा. तो गेला त्या दिवशी यांनी खोका उचलून घरी आणला. तेव्हापासून इथंच आहे."

सुनेनं ताट सारून फोन उचलला. तिनं नंबर परत सुरू केला, फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच. आपणच लिहिलेल्या त्या ओळीकडे तिला बघवेना.

"काय म्हणाला ग शेवटी?"

"विचार करून कळवतो म्हणाले, आई."

"मग कळवेल." सासूबाईंनी खोक्यावरची धूळ हातानं पुसली. "याचा फोटो काढ आणि पाठव त्याला. म्हणावं, खुर्ची ठेवलीय, हाही ठेवलाय. पैसे नकोत, नुसता ये."

सुनेनं फोटो काढून पाठवला. त्याच्याखाली एकच खूण आली, पोचल्याची दुसरी काही येईना. सासूबाईंना त्या खुणांमधलं काही कळत नव्हतं.

"पोचला का ग?"

"पोचला, आई."