घंटेची दोरी

वृद्धाश्रमाला मूल्यं हवी होती. इतकी वर्षं त्यांच्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. पण मालकांनी कुठेतरी पाहिलं, की मोठ्या संस्थांच्या भिंतींवर ती ठळक अक्षरांत लिहिलेली असतात. आणि मालकांच्या मनात आलं की खालच्यांची धावपळ ठरलेली. बाहेरून एक सल्लागार बाई बोलावल्या, जेवणघरात खुर्च्या मांडल्या आणि झाडूवाल्यापासून नर्सपर्यंत सगळ्यांना बसवलं.

आयांमध्ये थोरली ती अक्का. तिच्या डोक्यात मूल्यं कुठली असायला, तिथे आई होती. गेल्याच महिन्यात तिने आईला इथे आणलं होतं, वरच्या मजल्यावर टोकाच्या खोलीत. म्हातारी घडीघडी उशाशी लोंबणारी घंटेची दोरी ओढायची. कशाला, तर लेकीचं तोंड दिसावं म्हणून. अक्का वैतागून जायची, "आता काय झालं गं?" म्हणायची आणि पांघरूण सारखं करून परत यायची.

घंटा फार वाजवणाऱ्यांची दोरी इथे वर खिळ्याला बांधून ठेवत. हा नियम कुणी केला नव्हता, पण पाळत सगळे. नवी आया आली की अक्काच तिला शिकवायची: दोन वेढे, वर सैल गाठ, म्हणजे नातेवाईक भेटायला आले की एका झटक्यात सुटते. दोघीतिघींनी मजलाभर म्हातारी माणसं सांभाळायची, तर दुसरं करणार काय? आईच्या दोरीला मात्र तिने कुणाला हात लावू दिला नव्हता.

त्या दिवशी मॅनेजरने सगळ्यांना तंबी दिली, "बाई जाईपर्यंत एकही घंटा वाजता कामा नये." वर फक्त चष्मेवाली आया राहणार होती. "सगळ्यांच्या दोऱ्या वर घे गं," असं तिला सांगून अक्का घाईघाईने खाली आली.

सभेत शब्दांना तोटा नव्हता. कुणी आपुलकी म्हणालं, कुणी सन्मान. नर्सने प्रामाणिकपणा म्हटल्यावर झाडूवाल्याला खोकला आला. मग सल्लागार बाईंचं लक्ष भिंतीवरच्या दिव्यांच्या फळीकडे गेलं. घंटा वाजली की त्या खाटेचा दिवा तिथे लागायचा.

"मघापासून बघतेय, एकही दिवा लागला नाही," त्या भारावून म्हणाल्या. "म्हणजे इथे हाक मारायची वेळच येत नाही. हेच तुमचं खरं मूल्य. तत्परता!"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मॅनेजर तेवढा फुलला. "याचं श्रेय आमच्या अक्काला. अक्का, दोन शब्द बोला."

अक्का उठली. तिने सहज फळीकडे पाहिलं. टोकाच्या खोलीचा दिवाही विझलेला. आई इतका वेळ गप्प? मग तिला आपलेच शब्द आठवले. "सगळ्यांच्या दोऱ्या."

तेव्हाच धावायला हवं होतं. पण का धावतेस म्हणून विचारलं असतं, तर काय सांगायचं? एका दोरीचं सांगितलं की सगळ्या दोऱ्या बाहेर आल्या असत्या. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? अक्का बोलली. "आम्ही सगळ्यांना घरच्यासारखं बघतो." बाईंनी उदाहरण मागितलं, तर तिने तेही दिलं, मनातून रचून. टाळ्या झाल्या. पाणी पिऊन येते म्हणत ती दारापर्यंत सावकाश चालली आणि मग जिन्यावरून धावत सुटली.

आई खाटेशेजारी जमिनीवर पडली होती, एक पाय अंगाखाली मुडपलेला. डोक्याखाली रक्त साचलं होतं. वर खिळ्याला दोरी, दोन वेढे, सैल गाठ.

"आलीस?" आई म्हणाली. "हात पुरत नव्हता गं... म्हणून उभी राहिले."

"कुणीतरी या! लवकर या!" अक्का ओरडली. चष्मेवाली दुसऱ्या टोकाला न्हाणीघरात कुणालातरी अंघोळ घालत होती. नळाच्या आवाजात तिला काही ऐकू गेलं नाही. अक्का उठायला लागली, तशी आईने तिचं मनगट धरलं. "आता जाऊ नकोस."

अक्काने मोकळा हात वर करून गाठ सोडली आणि दोरी ओढली. खाली घंटा वाजलेली तिला स्पष्ट ऐकू आली. लगेच ती बंदही झाली. फळीखालचं बटण कुणीतरी दाबलं होतं. इथे आधी आवाज बंद करायचा आणि मग हातातलं काम उरकून, सवडीने वर यायचं, अशीच रीत होती.

तिने पुन्हा ओढली. पुन्हा बंद झाली.

मनगटावरची आईची पकड सुटत चालली होती, आणि अक्का दोरी ओढत होती.