गुणाजी राऊळ यांचा पास

चाळ पाडायची तारीख ठरली, तेव्हा कुठे लोकांना इतिहास आठवला. ज्या जिन्यावर तीन पिढ्यांनी पानाच्या पिचकाऱ्या मारल्या, त्याच जिन्यावर उभं राहून आता जो तो फोटो काढू लागला. काळाचौकीच्या गणेश मंडळाच्या ऑफिसात एक स्कॅनर आला आणि त्याच्यामागे मानसी नावाची चुणचुणीत मुलगी येऊन बसली. गिरणगावातले जुने कागद, फोटो, पत्रं जे मिळेल ते घ्यायचं, वेबसाइटवर चढवायचं आणि वस्तू ज्याची त्याला परत करायची, हे तिचं काम. एकदा वर गेलं की ते कायमचं राहतं, असं ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगे.

कमल राऊळला ते 'कायमचं' फार आवडलं. चौऱ्याहत्तर वर्षांची एकटी बाई. नवरा दगडू जाऊन तेहतीस वर्षं झालेली, पोटी मूल नाही. दगडूचं नाव घेणारं जगात तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं, आणि तिचे गुडघे रोज सकाळी सांगत होते की तीही आता फार दिवस घेणार नाही. ती दुसऱ्याच दिवशी मंडळात जाऊन बसली.

"नाव सांगा आजी, सर्च करते," मानसी म्हणाली.

"दगडू राऊळ. सूत काढायच्या खात्यात होते. एकोणीस वर्षं."

मानसीने टाइप केलं. काहीच आलं नाही. कमलला नवल वाटलं नाही. कारण दगडू एकोणीस वर्षं गिरणीत राबला तो दुसऱ्याच्या नावावर. त्याचा चुलतभाऊ गुणाजी कायम कामगार होता. त्याला छातीचा रोग लागला, तो गावी गेला, आणि त्याचं तिकीट, म्हणजे गिरणीतली कायमची नोकरी, वाया जाऊ नये म्हणून त्याच्या जागी दगडू उभा राहिला. गिरणगावात हे काही नवं नव्हतं. माणसं कामावर घेणाऱ्या जॉबरला माहीत, खात्यातल्या चार जणांना माहीत, बाकी सगळा आनंद. गिरणीत दगडू म्हणजे गुणाजी. संप झाला, गिरणी गेली, पुढे गिरणी कामगारांच्या घरांसाठी कमलने अर्ज भरला, तो परत आला. दगडू राऊळ नावाचा माणूस कुठल्याच मस्टरवर नव्हता. तो वारला तेव्हा तर कमाल झाली. गिरणीतल्या दोस्तांनी चाळीखालच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'कै. गुणाजी राऊळ'. दारात प्रेत आणि फळ्यावर दुसऱ्याचं नाव! कमलने खाली उतरून पदराने तो फळा पुसला होता.

"मग गुणाजी राऊळ बघ," ती म्हणाली.

स्क्रीनवर गिरणीच्या फाटकावर दाखवायचा पास आला. कुणा जुन्या टाइमकीपरच्या घरातून पत्र्याची एक ट्रंक भरून पास मिळाले होते, त्यातला हा. सन १९७२. कडेला गिरणीचा शिक्का, खाली नाव गुणाजी राऊळ, आणि वर दगडूचा फोटो. तेल लावून बसवलेले केस, डाव्या भुवईवरचा व्रण, फोटोवाल्याला घाबरून ताठ झालेली मान. तिशीतला दगडू तिच्याकडे बघत होता. कमलने काचेवर बोट ठेवलं तशी स्क्रीन हलली आणि तो नाहीसा झाला. मानसीने हसून परत आणला.

"ही हिरवी खूण आहे ना आजी, म्हणजे फॅमिलीने कन्फर्म केलंय. नातू, हितेंद्र. डोंबिवलीला असतात. एवढे खूश झाले! त्यांच्या घरात आजोबांचा एकही फोटो नव्हता. मोठा करून भिंतीवर लावलाय, हार घालून. मला पण पाठवला, बघा."

हितेंद्र हा गुणाजीच्या मुलीचा, मंजुळाचा मुलगा. त्याच्या भिंतीवर चंदनाचा हार घालून कमलचा नवरा टांगला होता. खाली दोन लहान मुली हात जोडून उभ्या होत्या.

"हो माझो घोव," कमल म्हणाली. इतक्या मोठ्याने म्हणाली की शेजारचा पावतीपुस्तकवाला वळून बघू लागला.

मानसीने सगळं नीट ऐकून घेतलं. तिचे डोळे चमकले. "आजी, ही तर फार भारी स्टोरी आहे. काय करू या, तुमच्याकडे त्यांचा दुसरा फोटो आहे? लग्नाचा? तो शनिवारी घेऊन या. नाव चेंज करू, आणि तुमचा आवाज रेकॉर्ड करून सोबत टाकू. कोणाच्या नावावर कोण, का, सगळं. लोकांना कळायला पाहिजे हे. फक्त त्या फॅमिलीला एक फोन करावा लागेल."

कमल घरी आली ती तरंगतच. तेहतीस वर्षांनी दगडूला नाव मिळणार होतं. तिने लग्नाचा फोटो भिंतीवरून काढला, पुसला, पिशवीत घातला. चार दिवस आधीच.

शुक्रवारी दुपारी मंजुळा आली. आगाऊ फोन नाही, काही नाही. चौसष्ट वर्षांची, जाडसर, जिने चढून धापा टाकणारी. मानसीचा फोन घरी तिनेच घेतला होता. हितेंद्र कामावर होता आणि त्याला तिने अजून काही सांगितलं नव्हतं. कमलने पाणी दिलं, चहा टाकला. मंजुळाने चहाला हात लावला नाही.

"काकी, माका म्हायत होता," ती म्हणाली. "हितेंद्रान फोटो दाखवल्यान तेव्हाच वळाखलंय. दगडूकाकाक मी वळखूचंय नाय?"

"मगे सांगलंस कित्याक नाय? माझ्या घोवाक हार घालून बसलात!" कमलचा आवाज चढला. "जन्मभर तो गुणाजी होवन जगलो. आता मेल्यार तरी त्याका दगडू ऱ्हवू दे."

मंजुळाने चहाची कपबशी बाजूला सारली. मग तिने विचारलं, "माझो बापूस कधी गेलो, तुका म्हायत हा?"

"बहात्तर साली. आमच्या लग्नाक तीन वर्सां झाली होती."

"सदुसष्ट साली गेलो तो. मिरजेक, दवाखान्यात. मी सात वर्सांची होतंय." मंजुळा सावकाश, जमिनीकडे बघत बोलत होती. "घरातल्या पुरुषांनी ठरवल्यानी, कोणाक सांगूचा नाय. गावचे पंचवीस माणूस ह्या काळाचौकीत ऱ्हवत. एक जरी बोललो असतो, तरी तिकीट गेला असता. ना तेरावा केल्यानी, ना आवशीक रडाक दिल्यानी. पाच वर्सां सगळ्यांका सांगत, मिरजेक हा, सुधारता हा. दगडूकाकाच्या फोटोचो पास निघालो, कागदार तोच गुणाजी झालो, काम पक्का झाला, तेव्हा खंय गावात सांगल्यानी, गुणाजी गेलो. ह्या फोटोच्या दिवशी माझ्या बापाशीक मराक परवानगी मिळाली, काकी."

कमलला हे ठाऊक नव्हतं. तिला दगडूने असं कधीच सांगितलं नव्हतं. 

"तू नवी नवरी म्हणान गणपतीक गावाक इलंस," मंजुळा पुढे म्हणाली. "घरात बायका जमलेल्यो. तू माझ्या आवशीक कुंकू लावलंस, ओटी भरलंस. घरच्यांका सगळा म्हायत. एकान पण तुझो हात धरूक नाय. आवस मागल्या परड्यात जावन कपाळ घासत बसली होती. मी पाणी घालत होतंय."

कमलला ते कपाळ आठवलं. रुंद, घामेजलेलं, आणि तिचं बोट लागताच किंचित मागे सरलेलं. तिला तेव्हा वाटलं होतं, जाऊबाईला आपला मत्सर वाटतो. मुंबईला परतताना बोटीवर तिने दगडूला तसं बोलूनही दाखवलं होतं, आणि दगडू समुद्राकडे बघत राहिला होता. आता तिला त्याचा इतका राग आला की तो समोर असता तर तिने त्याला घराबाहेर काढलं असतं. आणि रागाच्या मागोमाग त्याची कीवही आली, कारण ते ओझं घेऊन तो रोज पाळीला जात होता.

"दगडूकाकाचा वायट नाय बोलणंय मी," मंजुळा उठली. "त्याच्यामुळे आमची चूल पेटली. तुका नाव बदलूचा हा, बदल. तुझो हक्क हा. फक्त त्या पोरीन माका सांगल्यान, सगळी गोष्ट त्याच्यात येतली. म्हंजे माझ्या आवशीचा कुंकू पण येतला. हितेंद्राच्या पोरी वाचतल्यो. आणि नाव काढल्यार माझ्या बापाशीचा काय उरात? फोटो नाय, मरणाची तिथ नाय. त्या पासार एक नाव हा, बस."

ती जिना उतरून गेली. कमल तिला थांबवायला उठली नाही.

शनिवारी मंडळाच्या ऑफिसात गर्दी होती. मानसीने तिच्यासाठी खुर्ची मोकळी ठेवली होती, मोबाइल रेकॉर्डिंगला लावून समोर ठेवला होता. कमल पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली. आतल्या चौकटीचा कोपरा तिच्या पोटाला टोचत होता.

"बोला आजी. हा फोटो कोणाचा आहे?"

स्क्रीनवर दगडू होता. कमलने त्याच्याकडे बघितलं. काय करू रे, असं तिने मनात विचारलंही. तो नुसता ताठ मान करून बघत होता.

"गुणाजीचा," ती म्हणाली.

मानसी चपापली. "पण त्या दिवशी तुम्ही म्हणालात..."

"म्हातारपण, दुसरं काय. चेहऱ्याला चेहरा मिळतो. लिवलंय ते बरोबर आहे. तसंच ऱ्हाऊ दे."

"आणि लग्नाचा फोटो? आणला नाही?"

"सापडला नाय."

मानसीचा चेहरा उतरला. चांगली गोष्ट हातची गेली होती. तरी तिने रेकॉर्डिंग बंद केलं आणि शहाण्यासारखं कीबोर्ड पुढे ओढला. "ठीक आहे आजी. तुम्ही पण ओळख पटवली, अशी एंट्री टाकते. अजून एक साक्षीदार झाला, चांगलंच आहे. पूर्ण नाव?"

"कमल दगडू राऊळ."

"फोटोतल्या व्यक्तीशी नातं?"

कमलने तोंड उघडलं. बावीस वर्षं त्या माणसाच्या हाताखाली ताट ठेवलं होतं, त्याची छाती चोळली होती, शेवटचं पाणी तिनेच पाजलं होतं. तिने तोंड मिटलं. मागे रांगेत कुणीतरी खाकरलं.

"आजी? रिकामं ठेवलं तर पुढे जात नाही ते."

"कोण नाय," कमल म्हणाली.

मानसीने यादी खाली सरकवली. पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, शेजारी, सहकारी. अगदी तळाला 'इतर' होतं, तिने त्यावर बोट दाबलं.