मुकं मिनिट

‘गाडी बोलते’ हा कार्यक्रम तेवीस वर्षं चालू होता. त्यातली पहिली एकवीस वर्षं तो शहाण्यासारखा चालला आणि शेवटची दोन वाया गेली, असं ताईचं ठाम मत होतं. ती ते कुणी विचारलं तर सांगायची आणि नाही विचारलं तरी सांगायची.

ताई म्हणजे कार्यक्रमाचा आवाज बघणारी बाई. दुसऱ्या मजल्याच्या टोकाला, भिंतींना फोम ठोकलेल्या बिनखिडकीच्या खोलीत ती अठरा वर्षं कानाला हेडफोन लावून बसली होती. निवेदक मास्तर तिच्याही आधीपासूनचे. पूर्वी ते लोकांना गाडी शिकवायचे, म्हणून मास्तर. दर आठवड्याला ते बाजारात आलेली एक गाडी पारखायचे, आणि मध्येच हात वर करून म्हणायचे, “आता मी गप्प. तुम्ही ऐका.” मग एक अख्खं मिनिट ते तिसऱ्या गिअरमध्ये, एकाच वेगात गाडी चालवत. ना शब्द, ना संगीत. त्या मिनिटाबद्दल मास्तर पुढेही अवाक्षर काढत नसत. ज्याने त्याने आपल्या कानाने ठरवायचं. लोक घरातले पंखे बंद करून ऐकायचे. कार्यक्रमाची सगळी अब्रू त्या मुक्या मिनिटात होती.

मग नवे साहेब निर्माते म्हणून आले. आल्या आल्या त्यांनी पाहुणे नट आणले, शर्यती आणल्या, गेल्या महिन्यात तर साठी ओलांडलेल्या मास्तरांना हेल्मेट घालून चिखलात लोळवलं. नव्याचे नऊ दिवस म्हणून ताईने वाट पाहिली, पण नऊशे दिवस व्हायला आले तरी माणूस दमेना. गाडी पारखायला उरायची जेमतेम सात मिनिटं. मुकं मिनिट मात्र त्यांनी कापलं नव्हतं, आणि ताईला नेमकं तेच खटकत होतं. ज्याने सगळं कापलं त्याने हेच का सोडलं? कुठेतरी पाणी मुरत होतं.

एकदा साहेब तिच्या दारात उभे राहून म्हणाले होते, “ताई, ते मिनिट इतकं शांत कसं असतं हो? माझ्या गाडीत बसलं तर काय काय वाजत असतं.”

“तुमची गाडी बघून घ्या एकदा,” ताई म्हणाली होती. साहेब हसून गेले. मनात ती म्हणाली, आली कात्री दारापर्यंत.

तेव्हापासून ती डोळ्यांत तेल घालून त्यांच्यावर नजर ठेवू लागली. गाड्यांच्या कंपनीचे लोक आले की साहेब त्यांना गच्चीवर का नेतात? फोनवर बोलताना दार का लावतात? आता दार लावून बोलणं हा काही गुन्हा नाही, ताई स्वतः घरी फोनवर तसंच बोलायची. पण संशयाला एवढं पुरतं.

त्यात रविवारी धाकटा भाऊ घरी आला. चहाला हातही न लावता म्हणाला, “गाडी उतारावर अडकली. गिअरच पडेना. बाबा मागे बसले होते.”

“लागलं कुणाला?”

“नाही. पण बाबा आता त्या गाडीत बसत नाहीत. मेकॅनिक म्हणतो, गिअरबॉक्समधलं बेअरिंग ह्या मॉडेलला मुळातच कच्चं आहे. कोरी असतानाच बारीक घूं आवाज करतं म्हणे, कान असला तर कळतं.” मग तो तिच्याकडे न बघता बोलला. “मी काय कुणाच्या सांगण्यावरून घेतली नव्हती. तुमचं ते मिनिट तीनदा लावून ऐकलं, मग घेतली. त्यात कुठे होता घूं? ताई, तू तिथे बसून ऐकत काय होतीस?”

 ताईला राग आला, आणि त्याला जायला जागा तयारच होती. साहेबांनी आवाज पुसून घेतला! कंपनीच्या लोकांना गच्चीवर नेणारा माणूस आणखी काय करणार? तो भाग साहेब आल्यानंतरचाच होता, हेही जुळत होतं.

सोमवारी तिने मास्तरांना गाठलं. मेकअपच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं.

“शुक्रवारी चॅनेलच्या संचालक बाई येतायत,” ते म्हणाले. “कार्यक्रम ठेवायचा की बंद करायचा, ते ठरवायला. तू पुरावा आण. तो माणूस गेला तर कार्यक्रम वाचेल. बोलायचं काम माझं.”

गुरुवारी दुपारी ताईने दाराला आतून कडी लावली आणि भावाच्या गाडीचा भाग बाहेर काढला. आधी गाडीतल्या माइकवर आलेला मूळ आवाज. मास्तर म्हणतात, आता मी गप्प. खाली इंजिनाचा घोगरा सूर, वर वाऱ्याची सळसळ, आणि दोन्हींच्या मध्ये, बारीक पण अगदी स्पष्ट, घूं. मिनिटभर, न थांबता. तिने टेबलावर हात आपटला. सापडला चोर!

मग तिने टीव्हीवर दाखवलेला भाग लावला. इंजिनाचा सूर होता, घूं नव्हता. आता फक्त कुणी, कधी आणि कुणाच्या संगणकावरून पुसला एवढंच बघायचं होतं, आणि ते मशीन सांगतं. तिने नोंद उघडली. संगणक ह्याच खोलीतला. वेळ दुपारची सव्वातीन. काम करणाऱ्याचं नाव ताई.

आधी तिला वाटलं, साहेबांनी आपल्या नावाने केलं. चांगली पाच मिनिटं तिने ह्या कल्पनेवर काढली. मग मुकाट्याने तिने मागचा भाग उघडला, त्याच्या मागचा, साहेब यायच्या आधीचा, त्याच्याही आधीचा. प्रत्येक मिनिटावर तीच सफाई आणि तेच नाव.

नऊ वर्षांपूर्वी प्रेक्षकांची पत्रं आली होती की मिनिट चालू असताना फार खरखर येते. ताईने मोठ्या हौसेने सफाईचं एक साधन मागवून घेतलं. त्याला एक नमुना ऐकवायचा, सांगायचं की ही घाण; मग तसलं जे जे सापडेल ते ते साधन पुसून टाकतं. नमुना घ्यायला हवा होता गाडी बंद असताना, नुसत्या माइकचा. पण शूटिंगवाले गाडी बंद असताना रेकॉर्डिंग करतच नसत. म्हणून ताई मिनिटाचाच पहिला सेकंद नमुना म्हणून द्यायची. इंजिनाचा खालचा सूर हाताने राखायची, बाकी घाण. आणि त्या पहिल्या सेकंदात त्या त्या गाडीची जी काही घरघर, कुरकुर, घूं असेल, ती सगळी आलेली असायची. पुढचे एकोणसाठ सेकंद साधन ती इमानेइतबारे पुसत बसायचं. दोन मिनिटांचं काम, दर आठवड्याला, सवयीने. त्या सफाईसाठी तिला एकदा बक्षीसही मिळालं होतं.

खोलीत कुणी नव्हतं, तरी तिला तोंड लपवावंसं वाटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. साहेबांना ह्यातलं काही माहीत नव्हतं. मास्तरांना साहेबच चोर हवे होते. नोंद पुसायला एक बटण पुरलं असतं, आणि आवाज पुसण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिने बोट बटणावर नेलंही. मग हेडफोन काढला, आणि घरी गेली.

शुक्रवारी बैठकीत मास्तरांनी घसा खाकरला. “बाई, कार्यक्रम भरकटला ह्यात वाद नाही. पण कुणी भरकटवला, ते ताई ऐकवेल.”

साहेब पेन खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिले. ताईने आधी मूळ मिनिट लावलं, मग दाखवलेलं. दोन्ही मिनिटं कुणी हललं नाही.

“मधला आवाज गेलाय,” संचालक बाई म्हणाल्या. “कुणी काढला?”

“मी,” ताई म्हणाली. “कुणी सांगितलं नव्हतं. माइकची खरखर काढताना गाडीचाही आवाज जात होता. नऊ वर्षं. मला काल कळलं. साहेबांचा काही संबंध नाही. मी ह्यांच्यावर संशय घेतला, तो खोटा होता.”

 साहेबांनी पाण्याचा पेला तिच्यासमोर सरकवला, आणि एवढं होऊनही ताईच्या मनात क्षणभर आलंच की ह्यात ह्यांचा काय डाव असेल!

मास्तर मात्र टेबलाकडे बघत होते. “तो आवाज मी ऐकला होता,” ते म्हणाले.

“कधी?”

“गाडीत, चालवताना. ह्या गाडीचा ऐकला, आणखीही कितीतरी गाड्यांचा ऐकला. चांगलं कळायचं मला, ही गाडी दगा देणार.”

“मग बोलला का नाहीत?” ताईचा आवाज चढला.

“बोलायचं नाही हा आपला नियम ना! आणि बोलायची गरज काय होती?” मास्तरांनी चष्मा काढला. “घरी मी आपला कार्यक्रम कधी लावत नाही, स्वतःचं तोंड बघवत नाही मला. मी आपला गप्प बसायचो, अगदी निर्धास्त. वाटायचं, लोक ऐकतायत.”

बैठक तिथेच थांबली. ताई जिन्यात येऊन उभी राहिली आणि तिने भावाला फोन लावला. त्याने “बोल” म्हटल्यावर ती एका दमात म्हणाली, “तुझ्या गाडीचा आवाज होता. सुरुवातीपासून होता.”

पलीकडून त्याने विचारलं, “म्हणजे तुला ऐकू आला होता?”

“आला होता,” ताई म्हणाली. “मला ती घाण वाटली.”