यदुल्लाची राहिलेली आंघोळ

मसुदा पहिला

इराणचा शहा देश सोडून गेला त्या दुपारी लोकांनी आमच्या चौकातला त्याचा पुतळा पाडला. त्या वेळी सैनिकांच्या गोळीने यदुल्ला शहीद झाला. वय बावीस. आमच्या भट्टीत तो तापलेल्या खड्यांवर रोट्या भाजायचा. आज गल्लीला त्याचं नाव आहे.

नगरपालिकेतल्या मेहरदादला एवढंच हवं होतं. क्रांतीला चाळीस वर्षं झाली म्हणून प्रत्येक गल्लीची एक छोटी पुस्तिका निघणार होती. आमची मी लिहायची, कारण मी निवृत्त मास्तर आणि त्या दुपारी चौकात हजर होतो. तीन आठवडे झाले तेव्हा त्याचा फोन आला.

“होशंगसर, इतिहास लिहायला सांगितलाय, मशीद बांधायला नाही. दोन पानं हो!”

“एक शब्द अडलाय.”

“सांगा, मी सुचवतो.”

मी फोन ठेवला. अडलेला शब्द ‘गोळी’ होता.

मसुदा दुसरा

पुतळा पाडताना झालेल्या अपघातात यदुल्लाचा

(इथे थांबलो. अपघात म्हणजे ज्यात कुणाचा हात नसतो.)

मसुदा तिसरा फाडला. त्यात मी शूर होतो.

शूर मी वर्गातही असायचो. दर वर्षी क्रांतिदिनाला मुलं विचारायची, “सर, तुम्ही होता ना तिथं?” आणि मी सांगायचो. पहिल्या वर्षी एक गोळी होती. पाचव्या वर्षी तीन झाल्या. पुढे एक माझ्या कानाजवळून जायला लागली. मुलं तोंड उघडं टाकून ऐकायची. आता त्यांतले काही आजोबा होत आले असतील आणि नातवंडांना माझा कान सांगत असतील.

पण लिहिण्याआधी यदुल्लाच्या आईला विचारणं भाग होतं. इफ्फतखानुम. मी तिला खाला म्हणतो, म्हणजे मावशी. ऐंशी वर्षांची आहे, वाचता येत नाही, गल्लीत तिसरं दार. दर गुरुवारी मुलाच्या नावाने हलवा करून घरोघर ताटली पाठवते. चाळीस वर्षांत माझी एकही ताटली चुकली नाही. मी तो खातो, ‘देव त्याला शांती देवो’ म्हणतो आणि रीतीप्रमाणे ताटली रिकामी परत जाऊ नये म्हणून तिच्यात चार अक्रोड ठेवतो.

मी पहिला मसुदा वाचून दाखवला. ती मान डोलवत होती.

“छान आहे. पण मुख्य गोष्ट राहिली.”

“कुठली, खाला?”

“त्याला आंघोळ लागली नाही, ते लिही. इतरांच्या मुलांना आडवं करून धुतलं, कफनात गुंडाळलं. माझा आहे तसा गेला, रक्तासकट. शहीद होता ना! तेवढा मान गल्लीत दुसऱ्या कुणाला नाही मिळाला.”

मी वहीत पाहत राहिलो.

“खरं सांगू का,” ती हळू आवाजात म्हणाली, “त्याच्या केसांत पीठ होतं. आई म्हणून वाटत होतं की निदान केस तरी धुवावेत. मुल्ला म्हणाले, ‘नको खानुम, शहिदाचं रक्त धुवायचं नसतं.’ मग म्हटलं, मान मोठा की माझं मन मोठं? मान मोठा. हे पण लिही. पीठ नको लिहूस. मान लिही.”

मसुदा चौथा

पुतळ्याच्या गळ्यात दोर होता. तो तीसेक माणसं ओढत होती. मी सर्वांत पुढे, दोर मनगटाला गुंडाळून. यदुल्ला चौथऱ्यावर, पुतळ्याच्या मागे, छिन्नीने पायाचे बोल्ट तोडत होता. भट्टीतून तसाच आला होता, पांढरा एप्रन घालून. बोल्ट तुटले आणि पुतळा आमच्या बाजूला अर्धा झुकला. तो ओरडला, “घट्ट धरा रे! मी उतरतो, मग ओढा! होशंग, झोप आली का तुला?” सगळे हसले. तेवढ्यात कोपऱ्यावर गाडीचा आवाज झाला. मी ओरडलो, “सैनिक!” आणि दोर सोडला. माझ्यामागे सगळ्यांनी सोडला. पुतळा उलट्या झोक्याने मागे गेला, जिथे यदुल्ला उभा होता.

गाडी गॅसच्या टाक्यांची होती. ड्रायव्हर खाली उतरून विचारत होता, “काय झालं? काय झालं?”

त्याला उत्तर देणारा पहिला मीच. “गोळी,” मी म्हणालो. छाती इतकी चिरडली होती की कुणी भोक शोधलं नाही. खांद्यावर घेऊन कबरस्तानात नेईपर्यंत तो शब्द पाचशे तोंडांत गेला होता. मुल्लांनी मला बाजूला घेतलं. “गोळी लागलेली तू पाहिलीस?” पाहिली. “जागेवरच गेला?” जागेवरच. “मग अंगावरच्याच कपड्यांत पुरा.” धुवायला घेतलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं. हे मला तेव्हाच सुचलं होतं. तेव्हाच, तिथेच, आणि मला हायसं वाटलं होतं.

(हे शेवटचं वाक्य पुस्तिकेत चालणार नाही. पण तेच खरं आहे.)

चौथा मसुदा मी तिला वाचून दाखवला. ती ताटलीत कोथिंबीर निवडत होती. ‘सैनिक’ या शब्दापर्यंत तिचे हात चालू होते.

“पहिला तू सोडलास?”

“पहिला मीच.”

“आणि गोळी?”

“गोळी नव्हती, खाला.”

“एकसुद्धा?”

“सैनिकच नव्हते.”

ती काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला करत राहिली. मला वाटलं ओरडेल, ताटली फेकेल. मी खरं तर त्याची वाट पाहत होतो. फेकली असती तर बरं झालं असतं.

“म्हणजे आंघोळ राहिली की रे त्याची,” ती म्हणाली.

मी काहीतरी बोललो. चूक, तरुण होतो, असलं काही.

“तू नंतर बोल. चाळीस वर्षं पोरगं न धुता पडलंय आणि मी लोकांना सांगत फिरतेय, मान, मान.” मग तिने कोथिंबिरीच्या काड्या माझ्या वहीवर झटकल्या. “गुरुवारी कबरस्तानात ये. बादली आण. तुझी आण, माझ्या बादलीला हात लावू नकोस.”

गुरुवार. मसुदा नाही.

गुरुवारी दुपारी आमच्याकडे निम्मं गाव कबरस्तानात असतं. लोक दगडांवर पाणी ओततात, गुलाबपाणी शिंपडतात, खजूर वाटतात. अल्वंदच्या डोंगरावर बर्फ होता आणि नळाचं पाणी बोटं तोडत होतं. खालाने अंगावरच्या चादरीआडून दोन पुड्या काढल्या. एका पुडीत बोरीच्या वाळल्या पाल्याचं पीठ, दुसरीत कापूर.

“पहिलं पाणी पाल्याचं, दुसरं कापराचं, तिसरं नुसतं. आधी डोकं, मग उजवी बाजू, मग डावी. येतं ना? मास्तर आहेस.”

मी गुडघे टेकून बसलो. कोरलेल्या ‘शहीद’ शब्दात पाल्याचं हिरवं पाणी साचलं. त्या वासाने शेजारच्या कबरीजवळची माणसं वळून पाहायला लागली. प्रेत धुतानाचा वास आमच्याकडे लहान मुलंही ओळखतात.

भट्टीवाला हाजी काठी टेकत आला. “मास्तर, आता टॉवेलही आणलाय का?”

दोघं-तिघं हसले. शेजारची बाई हसली नाही. “इफ्फतखानुम, हे काय चाललंय? शहिदाला कुणी आंघोळ घालतं का? पाप लागेल.”

“मला काय विचारता?” खाला म्हणाली. ती दगडाच्या डोक्याकडे बसली होती आणि ओल्या बोटांनी कोपरा चोळत होती, जिथे केस असतात तिथे. “ह्याला विचारा. हा होता तिथं.”

माझ्या हातात कापराची बादली होती. डोकं झालं होतं, उजवी बाजू झाली होती. हाजी काठीवर वाकून माझ्याकडे पाहत होता. त्याच्या मागे माझा एक जुना विद्यार्थी आपल्या मुलीला खांद्यावर घेऊन उभा होता.

“सैनिक आलेच नव्हते,” मी म्हणालो. “दोर मी सोडला.”

खालाने मान वर केली नाही.

“मोठ्यानं,” ती म्हणाली. “मागच्यांना ऐकू गेलं नाही. आणि हात थांबवू नकोस, डावी बाजू राहिलीये.”