तेरावी ओंजळ

आमच्या मंडळात माणसं पिठावर मोजत. हसू नका, खरं सांगतोय.

उज्जैनच्या मराठी लोकांचं एक रविवार सहल मंडळ होतं. थंडी पडली की रविवारी सकाळी गावातल्या घड्याळाच्या टावरपाशी बैलगाड्या उभ्या राहायच्या. मंडळी कधी कालियादेहला जायची, कधी चिंतामणीला, पण जास्त करून मक्सीच्या वाटेवर उंडाशाच्या तलावाला. दिवसभर फिरायचं, पाखरं बघायची, झाडाखाली दाल-बाफले, म्हणजे डाळ आणि उकडून निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे, करून खायचे, दिवस मावळायच्या आत परत. माळव्यात याला गोठ म्हणतात. सहल म्हटलं की कपड्यांची इस्त्री आठवते, गोठ म्हटलं की धूर आठवतो.

प्रत्येकाने घरून एक ओंजळ पीठ फडक्यात बांधून आणायचं असा रिवाज होता. तात्या आचारी परात मांडून बसे. मंडळाचे प्रमुख भय्यासाहेब वही उघडून एकेकाचं नाव घेत, आणि नाव येईल त्याने उठून आपलं पीठ परातीत टाकायचं. सगळ्या घरांचं पीठ एक होई. एका ओंजळीचे दोन बाफले. परत निघताना वहीतल्या ओंजळी मोजायच्या, मग डोकी मोजायची, दोन्ही जमलं की गाडी हाकायची. पूर्वी एकदा कुणाची तरी सासू कालियादेहला राहून गेली होती, तेव्हापासूनचा हा नियम.

मोजणी कधी चुकली नाही. तेच माझं दुखणं आहे.

मी मंडळात सहा वर्षं जात होतो. मिलमध्ये मागावर होतो, रविवारी सुटी. बाफल्यांसाठी गोवऱ्या रचून पेटवायच्या, तलावावरून पाणी आणायचं, आणि कुठल्या काठाला कुठलं पाखरू उतरलंय ते दाखवायचं ही माझी कामं. शाळा चौथीत सुटली, पण उंडाशाचा तो तलाव मला पाठ होता. पाखरांची मराठी नावं मंडळाच्या कपाटातली पुस्तकं वाचून शिकलो. ती पुस्तकं पुसायचं कामही माझंच होतं, त्यामुळे फडका एका हातात आणि पुस्तक दुसऱ्या हातात. कपाटातलं एकही पुस्तक मी सोडलं नाही. ज्यांच्या नावाने ती आणली होती त्यांनी किती वाचली, ते पानं बघूनच कळायचं. बरीचशी छापखान्यातून आलेली जोडपानं तशीच होती, ती मीच कापून सुटी केली.

पण माझी ओंजळ कधी परातीत पडली नाही. वहीत माझं नावच नव्हतं.

भय्यासाहेबांचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर घोड्यावर बसून आले. माझे पूर्वज त्याच फौजेत, त्याच घोड्याचा लगाम धरून, पायी आले. मोतद्दार होते, घोड्यांची चाकरी करणारे. दोघं एकाच दिवशी क्षिप्रेवर पोचले असणार. दोनशे वर्षं झाली, घोडा मेला, राज्य गेलं, लगाम धरणारा मात्र अजून लगामच धरून आहे. हे मी तेव्हा बोलत नव्हतो. आता बोलतो, ज्याला राग येईल त्याला खुशाल यावा.

मग तू जात का होतास, असं कुणी विचारेल. एक तर तलावासाठी. मिलच्या भोंग्याने सहा दिवस कान बधिर झालेले असत, सातव्या दिवशी पाण्यावर शेकडो पंख एकदम उठताना ऐकले की कान परत जागेवर येत. आणि दुसरं, कुसुमताईंसाठी. ताई म्हणायचो, कारण दुसरं काही म्हणायची सोय नव्हती. भाऊ शरच्चंद्र कचेरीत मोठ्या जागेवर, आणि ह्या मुलींच्या शाळेत शिकवत. अख्ख्या मंडळात पाखरांकडे खरोखर बघणारी ही एकच बाई. बाकीचे बाफले शिजेपर्यंत वेळ जावा म्हणून बघत. मला सगळे जयू म्हणायचे, ए जयू, अरे जयू. ह्या एकट्या जयवंत म्हणत, अहो-जाहो करून.

छप्पन सालच्या जानेवारीत एका रविवारी तलावावर त्या म्हणाल्या, "जयवंत, माझ्याकडे सगळी पिसं आहेत. सुरखाबाचं तेवढं नाही."

सुरखाब म्हणजे दालचिनीच्या रंगाचं मोठं बदक. माणूस दिसला की लांब सरकतं, म्हणून पलीकडच्या काठाला बसतं. जेवणं झाली, भांडी घासायला मी पितळी बादली घेऊन पाण्यावर गेलो, आणि तसाच बादली हातात घेऊन बांधावरून पलीकडे निघालो. कुसुमताईंनी मला जाताना पाहिलं. जाऊन येऊन दीड तास. चिखलात गुडघ्यापर्यंत गेलो, पण पीस मिळालं, अख्खं, न मोडलेलं. टोपीत खोचलं आणि जवळजवळ पळत आलो.

झाडाखाली कुणी नव्हतं. गोवऱ्यांची राख होती, दोन कुत्री होती, आणि मक्सीच्या रस्त्यावर लांब धूळ. दोन्ही गाड्या गेल्या होत्या. ऊन अजून चांगलं होतं, म्हणजे घाई कसलीच नव्हती. एकोणीस ओंजळी, एकोणीस डोकी, चला, हाका. हिशेब चोख.

तीन कोस बादली घेऊन चालत आलो. वाटेत रागापेक्षा मला एकच गोष्ट खात होती. त्या गाडीत कुसुमताई होत्या. मी कशाला गेलो, कुठे गेलो, त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर मिलच्या फाटकाशी अनिल उभा. हा बँकेत कारकून, मंडळातला हसवणारा.

"काय यार जयू, कुठे गायब झालास काल? आम्हाला वाटलं तू दुसऱ्या गाडीत. दुसऱ्या गाडीवाल्यांना वाटलं तू आमच्या गाडीत."

"आणि भय्यासाहेबांना काय वाटलं?"

"ते सोड. त्यांनी विचारलंय, पितळी बादली तुझ्याकडे आहे ना? सामानाच्या यादीत कमी पडतेय."

बादली वहीत होती. तिची आठवण झाली.

"आहे," म्हटलं. "सांग त्यांना, बादली सुखरूप घरी पोचली. रस्त्यात रडली नाही."

अनिल हसत सुटला. "तू पण ना! माणसं मोजायला लागलो तर तुला वेगळा मोजायचा? काय सुरखाब के पर लगे हैं क्या तेरे को?"

पीस त्या वेळी माझ्या टोपीतच होतं. त्याला दिसलं नाही.

त्यानंतर मी गेलो नाही. पहिले दोन रविवार वाट बघितली, कुणी बोलवायला येईल म्हणून. लिहायला लाज वाटते, पण बघितली. सकाळी आंघोळ करून, टोपी घालून ओट्यावर बसायचो. तिसऱ्या रविवारी एकटाच टावरपर्यंत चालत गेलो आणि समोरच्या दुकानाआड उभा राहून गाड्या निघताना पाहिल्या. पुढे ऊन वाढलं, मंडळाचा मोसम संपला. पीस मी पंचांगात दाबून ठेवलं.

त्या वर्षी उज्जैनात एकच बोलणं होतं. मध्यभारत राज्य मोडणार, एक नोव्हेंबरपासून नवा प्रदेश, राजधानी भोपाळ. कचेऱ्यांतली मराठी माणसं एकेक करून सामान बांधायला लागली. ऑक्टोबर संपत आला तसा अनिल घरी आला.

"शेवटची गोठ आहे, यार. अठ्ठावीस तारीख, उंडासा. शरच्चंद्र भोपाळला चाललेत, कुसुम पण. तू नाहीस तर गोवऱ्या कोण पेटवणार? मागच्या वेळी बाफले आतून कच्चे राहिले, तात्याने मलाच शिव्या दिल्या."

कुसुम पण. पुढचं मी ऐकलंच नाही.

त्या रविवारी मी आईकडून पीठ मागून घेतलं, धुतलेल्या फडक्यात बांधलं, पीस खिशात ठेवलं आणि गेलो. एकच गाडी होती, बारा जण कोंबून बसलेले. मी मागच्या कडेला पाय सोडून.

झाडाखाली भय्यासाहेबांनी वही उघडली. नावं घेण्याआधी त्यांचं भाषण झालं. आवाज कापत होता, खोटं नव्हतं ते. म्हणाले, "दिल्लीत बसून नकाशावर रेघा ओढल्या. गुजरात्याला विचारलं, तेलंग्याला विचारलं. माळव्यातल्या मराठी माणसाला विचारलं कुणी? दोनशे वर्षं इथे राहिलो. आम्हाला कुणी मोजलंसुद्धा नाही हो!"

मी गोवऱ्या रचत होतो. हातातली गोवरी खाली ठेवली आणि फडकं घेऊन परातीशी जाऊन उभा राहिलो. बारा नावं झाली. बारा ओंजळी पडल्या. मी तिथेच.

"काय रे जयू?"

"माझी राहिली. तेरावी."

भय्यासाहेब गोड हसले. ते वाईट माणूस नव्हते, हेच तर अवघड. "अरे वेड्या, तू घरचाच. घरच्या माणसाला कुणी मोजतं का?"

"घरचा आहे तर जानेवारीत इथे विसरून कसे गेलात?"

 तात्याच्या हातात पाण्याचा तांब्या तसाच राहिला. मग शरच्चंद्र म्हणाले, "आज शेवटचा दिवस आहे, आजच कशाला हे," आणि भय्यासाहेबांनी वही मिटली. "तात्या, पाणी घाल. मळायला घे."

तात्याने माझ्याकडे बघितलं, आणि पाणी घातलं.

मी भांडलो नाही. त्यांच्या गोवऱ्या मीच पेटवल्या, कारण काम म्हणजे काम. मग त्यातल्या चार जळत्या उचलल्या आणि बांधाच्या पलीकडे, पाण्याशी जाऊन स्वतःचा जाळ केला. करवंटीत पीठ भिजवलं. एका ओंजळीचे दोन बाफले, उकडायला भांडं नाही, तसेच निखाऱ्यावर टाकले. समोर नुकतेच उतरलेले सुरखाब होते, त्या साली लवकर आले होते.

कुसुमताई मागून आल्या ते मला पाण्यातल्या सावलीवरून कळलं. माझ्याशेजारी नाही, जरा अंतर ठेवून दगडावर बसल्या.

"करपतोय एक," म्हणाल्या.

मी उलटवला. मग खिशातून पीस काढून दिलं. त्यांनी उन्हात धरलं, दोन्ही बाजूंनी बघितलं.

"कधी मिळालं?"

"त्याच दिवशी. याच्यासाठीच तर पलीकडे गेलो होतो."

त्यांनी पीस मांडीवर ठेवलं. "मला माहीत होतं जयवंत. गाडी सुटली तेव्हा तुम्ही नव्हता, मला माहीत होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी तुमचं नाव घेतलं असतं तर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. दादांनी, सगळ्यांनी. एवढं हिलाच कसं माहीत, म्हणून."

"बघितलं असतं तर काय झालं असतं?"

"तेच नऊ महिने स्वतःला विचारतेय."

मला पुष्कळ बोलायचं होतं. नऊ महिने रोज मागावर उभा राहून मी एकेक वाक्य घासून ठेवलं होतं, कापेल असं. एकही आठवलं नाही. करपलेला बाफला मी ठेवला, चांगला त्यांना दिला. ना डाळ, ना तूप. त्यांनी सगळा खाल्ला, पीस ओच्यात ठेवलं आणि उठून गेल्या.

मी जाळ विझवत राहिलो. बांधापलीकडून भय्यासाहेबांचा आवाज आला, "बारा ओंजळी. चला, डोकी मोजा." अनिल मोजत होता, दस, ग्यारह, बारह. बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला. बांध चढायला मला दहा पावलं. मी चढलो नाही. मला बघायचं होतं.

आणि हाक आली.

"थांबा. जयवंत राहिलेत."

घुंगरं थांबली.  मला बांधापलीकडचं काही दिसत नव्हतं, पण सगळे कुणाकडे बघत असतील ते ठाऊक होतं. शरच्चंद्र काहीतरी हळू बोलले. मग पुन्हा, आता मोठ्याने, पाण्याकडे तोंड करून, अख्ख्या तलावाला ऐकू जाईल अशी, "जयवंत!"

मी ओ दिली नाही. रागाने नाही हो. ओ दिली असती तर हाक संपली असती. मला ती आणखी एकदा हवी होती. आयुष्यात कधी काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

तिसरी हाक आली ती अनिलची. "ए जयू, चल रे यार, बैल वैतागलेत!"

मी बांध चढून गेलो. जागा नव्हती, म्हणून मागच्या कडेलाच बसलो. कुसुमताई पुढे, पाठमोऱ्या, मान ताठ. टावरपर्यंत त्यांच्याशी कुणी बोललं नाही. त्यांनीही मागे वळून पाहिलं नाही. उतरताना भय्यासाहेबांनी बादली मोजून घेतली.

गुरुवारी राज्य बदललं. त्या भोपाळला गेल्या. मंडळ तिथेच संपलं, वही भय्यासाहेबांकडे आहे म्हणतात.

मी अजून जातो. थंडी पडली की रविवारी, पायी, फडक्यात पीठ बांधून. एकच ओंजळ नेतो, दोन बाफले होतात. जेवण झालं, जाळ विझवला, की बांध चढायच्या आधी जरा थांबतो.