खाली चाळीस मिलिमीटर

सिंधूताईंनी कानाची मशीनं परत करायचं ठरवलं, तेव्हा रविवार यायला सहा दिवस उरले होते. महाराणा प्रताप नगरातल्या दुकानदाराने ती महिनाभर वापरून पाहायला दिली होती. नाही पटली तर परत, आणि महिना रविवारी संपत होता.

"नकोच ती," त्या म्हणाल्या. "दुपारपर्यंत मरतात. वर चारचौघांत शोभा होते ती वेगळीच."

शोभा झाली होती हे खरं. बायकांच्या घोळक्यात शेजारच्या मीनाने विचारलं, "काकू, तुमची दीप्ती पुण्याहून कधी येणार?" आणि सिंधूताई म्हणाल्या, "कालच घातलंय, अजून मुरायचंय." त्यांना वाटलं, लोणच्याचं विचारतेय. बायका हसल्या. सिंधूताईही हसल्या, घरी आल्या, मशीनं काढून ठेवली आणि जेवताना एक शब्द बोलल्या नाहीत.

समोर जेवणाऱ्या त्यांच्या नवऱ्याने, दिगंबररावांनी, ते पाहिलं. दोन वर्षं घर असं मुकं झालं होतं. बोलायचं तर ओरडायचं, आणि ओरडून माणूस बोलणार तरी काय? 'दार वाजतंय' आणि 'गॅस बंद कर'. पेपरातली गंमत ओरडून सांगता येत नाही, कुणाची नक्कल ओरडून करता येत नाही. भांडणसुद्धा दोन वाक्यांत आटपतं, त्यात काही राम उरत नाही. आपल्याला बायकोशी बोलायला लागतं, ही गोष्ट त्यांना फार उशिरा कळली होती आणि ती त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती.

दिगंबरराव ऐन तारुण्यात मिरजेहून भोपाळच्या सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून आले आणि तिथूनच निवृत्त झाले. चौतीस वर्षं त्यांनी मोठमोठ्या विजेच्या मोटरींची ड्रॉइंगं काढली. त्यांचं ड्रॉइंग चुकलं असं कुणी म्हटलेलं नव्हतं, निदान त्यांच्या तोंडावर तरी नाही. घरातही तोच कारभार. चूक झालीच तर ती कागदाची असे, पेन्सिलीची असे, हवेची असे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची ओढली आणि बायको मशीनं चार्ज कशी करते ते नुसतं बघत बसले. चार्जिंगची डबी साबणाच्या वडीएवढी, मशीनं चण्याच्या दाण्याहून थोडी मोठी. सिंधूताईंची बोटं संधिवाताने आखडलेली. त्या मशीन खाचेत ठेवायला जात, तेवढ्यात डबी टेबलावर सरकायची, वायर निसटायची, आणि मशीन अर्धवट बसायचं. नीट बसलं की आतलं लोहचुंबक त्याला टक्कन ओढून घेतं, पण तो आवाज ऐकणार कोण? कानातलं काढल्यावरच तर ते डबीत जायचं! शिवाय डबीवरचा हिरवा दिवा मोहरीएवढा आणि नेमका पलीकडच्या बाजूला.

"म्हणजे मशीन चांगलं आहे," दिगंबरराव स्वतःशीच म्हणाले, "त्याला नीट बसायला जागा नाही."

जागा करायची म्हणजे स्टँड हवा. त्यांनी बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काढला, पुठ्ठा कापला, आडवा-तिडवा दुमडून पाहिला. सिंधूताई मेथी निवडत होत्या, तर त्यांचा पंजा धरून पट्टीने मापला.

"आता या वयात बांगड्या करताय की काय?" सिंधूताईंनी विचारलं. ओरडून उत्तर देण्यासारखा तो विषय नव्हता, म्हणून दिगंबरराव नुसते हसले.

बुधवारी ड्रॉइंग तयार झालं. डबी सिंधूताईंच्या बाजूला कललेली, दिवा समोर. वायर मागून येऊन घट्ट धरलेली. पाठीमागे मोबाइलला एक खाच. आणि सगळं सरकू नये म्हणून तळाला भरीव सागवानाचा जाड ठोकळा. कारखान्यात ते सगळं इंग्रजीत लिहीत, पण अशोका गार्डनमधला सुतार श्याम याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मग त्यांनी सुवाच्य देवनागरीत मापं घातली. तळाकडे बाण काढून लिहिलं, 'खाली ४० मिमी'. कागद श्यामच्या हातात दिला आणि निश्चिंत मनाने ते बाग सेवनियाला घरी परतले.

गुरुवारी संध्याकाळी स्टँड हातात घेतला तर तो पिसासारखा हलका. उलटा करून पाहिला. तळ आतून पोकळ. चारी बाजूंना पातळ भिंती, वर पातळ फळी, खालून उघडा खोका.

"ये क्या किया, श्याम?"

"जो आपने लिखा, साब," श्यामने कागद पुढे केला. "खाली चालीस एमएम. तो अपन ने चालीस एमएम खाली छोड़ दिया. बड़ी मेहनत लगी, अंदर से पूरा कोरना पड़ा."

"अरे, खाली याने नीचे! तुमको पढ़ना आता है कि नहीं?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. श्यामचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, "आठवीं पास हूँ साब. पढ़ तो लेता हूँ." मग त्याने स्टँड जुन्या वर्तमानपत्रात बांधून दिला आणि पुन्हा रंधा हातात घेतला.

दुसरा करायला वेळ नव्हता. दिगंबररावांनी घरी येऊन तो खोका टेबलावर ठेवला आणि कागद बायकोपुढे आपटला. बघ, एवढं स्पष्ट लिहिलंय! सिंधूताईंनी चष्मा लावला. भोपाळच्या हिंदी शाळेत त्यांनी तीस वर्षं दुसरीच्या वर्गाला वाचायला शिकवलं होतं. त्यांनी ती ओळ एकदा वाचली आणि पदर तोंडाला लावून अशा हसायला लागल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"अहो, इथे खाली म्हणजे रिकामं! चाळीस वर्षं झाली या गावात येऊन. पाण्याची टाकी खाली झाली की धावत मोटर लावता ना?"

"ड्रॉइंगमध्ये संदर्भ बघायचा असतो," दिगंबरराव म्हणाले. ते त्यांना ऐकू गेलं नाही, हे एका परीने बरंच झालं.

मग नाइलाजाने त्यांनी आहे त्यातच डोकं चालवलं. वायरचं सगळं वेटोळं पोकळीत बसलं, टेबल मोकळं झालं. तळाच्या कडांना जुन्या चपलेच्या रबराचे तुकडे चिकटवले, सरकणं थांबलं. डबी बसवून त्यांनी सिंधूताईंना हाताने खूण केली, ठेव बघू.

सिंधूताईंनी डावा तळवा फळीवर टेकला आणि उजव्या हाताने मशीन खाचेत सोडलं.

"बसलं," त्या म्हणाल्या.

दिगंबररावांनी वाकून पाहिलं. दिवा हिरवा होता. त्या तर तिकडे बघतसुद्धा नव्हत्या.

"कसं कळलं?" त्यांनी ओरडून विचारलं.

"हाताला कळलं. लाकूड टक्क करतं." दुसरं मशीन सोडून त्या पुन्हा म्हणाल्या, "हे बघा, हेही बसलं."

दिगंबररावांनी स्वतःचा तळवा ठेवून पाहिला. पातळ फळीखाली पोकळी, म्हणून तो बारीकसा ठोका थेट हाताला लागत होता. मग त्यांनी जेवणाच्या टेबलाच्या जाडजूड सागवानावर डबी ठेवून तेच करून पाहिलं. काही म्हणजे काही लागलं नाही. आपला भरीव ठोकळा असाच मुका राहिला असता, हे त्यांना समजलं. श्यामचा उतरलेला चेहरा काही केल्या डोळ्यांसमोरून जाईना.

शुक्रवारी मशीनं रात्रीपर्यंत चालली. शनिवारीही चालली. सिंधूताई त्याबद्दल काही बोलल्या नाहीत आणि दिगंबररावांना विचारायचा धीर झाला नाही. रविवारी सकाळी दुकानाची पावती टेबलावर काढून ठेवलेली दिसली. एवढं करून शेवटी मशीनं परत जायचीच तर!

निदान एक काम तरी उरकावं म्हणून ते मोबाइल घेऊन गॅलरीत गेले. सिंधूताई स्वयंपाकघरात पाठमोऱ्या पोहे परतत होत्या.

"श्याम भाई, मैं दिगंबर. हाँ. वो स्टँड बहुत अच्छा बना है. नहीं नहीं, सुनो. गलती मेरी थी. मैंने ही गलत लिखा था. सबके सामने तुमको बोल दिया, वो नहीं बोलना चाहिए था. माफ करना."

पलीकडे श्याम ओशाळून काहीतरी म्हणाला, चहाला बोलावलं. दिगंबररावांनी फोन ठेवला. घाम पुसला.

"काय म्हणालात?"

ते वळले. सिंधूताई तशाच पाठमोऱ्या, कढईत उलथणं चालूच.

"कुठे काय? श्यामशी बोलत होतो," ते सवयीने ओरडले.

"ओरडताय कशाला? ते कळलं मला. शेवटचं काय म्हणालात?"

दिगंबररावांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांचे डोळेच भरून आले. मधे अख्खी बैठकीची खोली होती, गॅस चालू होता, कढई वाजत होती.

"गलती मेरी थी, म्हणालो," ते ओरडण्याऐवजी बोलले. अगदी साध्या आवाजात.

सिंधूताईंनी गॅस बारीक केला. "छान. आता मराठीत म्हणा."

"आता मराठीत कशाला? श्यामला मराठी कुठे येतं?"

"मला येतं ना."

दिगंबररावांनी गॅलरीच्या कठड्याला धरलं. समोरच्या इमारतीत कुणी ऐकत नाही ना, ते पाहून घेतलं.

"चूक माझी होती," ते म्हणाले.

"ऐकलं," सिंधूताई म्हणाल्या आणि पोह्यांवर झाकण ठेवलं. "ती पावती कपाटात ठेवा. गॅरंटीला लागेल."