पांढरीतल्या बांगड्या

आमच्या माण तालुक्यात पाऊस पडत नाही, कारण गावचा एकुलता एक ढग मी बहात्तर साली आटपाडीच्या बाजारात दोन शेळ्यांवर बदलून टाकला. हे मी जयराज सरांना चहा पिताना शपथेवर सांगितलं, आणि तिथंच माझी नात बुडाली.

नात म्हणजे अर्फा. साताऱ्याच्या कॉलेजात, जयराज सरांच्या हाताखाली, भूगोल आणि पुरातत्त्व घेऊन शेवटच्या वर्षाला होती. मी सिकंदर मणेर. उभा जन्म गावोगाव बायकांना बांगड्या भरल्या आणि सोबत थापा मारल्या.

गावामागं पांढर आहे, म्हणजे जुन्या वस्तीची पांढुरकी माती. ओढ्यानं ती उभी कापलीय. त्या कापात अर्फाला बोटभर जाडीचा राखेचा पट्टा सापडला. दोन महिने पोरगी पट्टी घेऊन थर मोजत बसली.

"नाना, कुणाची तरी चूल हाय ही. हजार वर्सांमागची असंल."

शनिवारी सर बघायला येणार होते. पसंत पडलं तर उत्खननाच्या शिबिराला निवड, आणि पुढचं शिक्षण. नाही तर लोणंदच्या कंपनीत पॅकिंगला, असं तिच्या बापानं, माझ्या जावयानं, मुंबईहून फोनवर बजावलं होतं.

मला वाटलं, नुसती राख बघून साताऱ्याचा माणूस काय पसंत करणार? शुक्रवारी दुपारी खुरपं घेऊन गेलो. माझी बायको अख्तरबी गेली तेव्हा तिच्या फुटक्या बांगड्या मी डब्यात जपून ठेवल्या होत्या. त्या राखेत खोचल्या, वर ओली माती लिंपली. लय सुबक काम झालं.

शनिवारी चहा घेऊन सर पांढरीवर आले आणि त्यांनी पहिलाच तुकडा काढला. हिरवा, सोनेरी ठिपक्यांचा. अर्फानं तो हातात घेतला आणि माझ्याकडं बघितलं. ज्या हातांनी तिला भाकरी थापायला शिकवली, त्या हातांतली बांगडी ती ओळखणार नाही होय?

"काच कालपरवाची आहे," सर म्हणाले. "म्हणजे राखेचाही भरवसा नाही. थर हललाय, अर्फा. हे धरता येणार नाही."

नानाचं नाव घेतलं असतं तर सुटली असती. ती म्हणाली, "व्हय सर. माझीच चूक. नीट बघितलं न्हाई."

"आवं सर, मी घातल्या त्या!" मी पुढं झालो. "राख जुनीच हाय. अल्लाची शपथ!"

सर हसले. "नाना, शपथ तर तुम्ही ढगाचीही घेतली होती."

ते गेल्यावर मी अर्फाला म्हणालो, "तू का बोलली न्हाईस गं?"

"काय बोलू? तुमाला समद्यांपुढं लबाड म्हणू?" ती खाली बसून खुरप्यानं पडलेली राख ओंजळीत भरत होती. "आन् चूल तर फुटली, नाना. कुणी कबूल केलं म्हणून ती जुळती व्हय?"

पुढच्या महिन्यात ती लोणंदला गेली. रविवारी येते, जेवायला वाढते. पांढरीकडं बघत नाही. पूर्वी माझी थाप अर्ध्यात तोडून म्हणायची, "नाना, पुरावा?" आता म्हणते, "भाकरी देऊ?"

काल डबा उघडला. बांगड्या धुऊन कागदाच्या पाकिटात ठेवलेल्या. वर तिच्या बारीक अक्षरात नोंद:

ठिकाण – पांढर, ओढ्याची कड. थर – हललेला. कुणाच्या – अख्तरबी. कुणी पुरल्या –

ती ओळ तिनं कोरी सोडली होती. मी माझं नाव लिहिलं. नीट लागावं म्हणून दोनदा गिरवलं. आयुष्यात पहिल्यांदा पुरावा हातात आहे, आणि तो मागणारी पोरगी लोणंदला खोकी बांधतेय.